विकत घेतलं, पण आपलं झालं का?

चिरनेरच्या एखाद्या घरात उद्या प्रिंटर आला, तर त्यातून निघणारं पहिलं पान बहुधा सातबाऱ्याचं असेल. मुलांचे शाळेचे प्रकल्प, आधार कार्डाच्या झेरॉक्स, गणपतीतल्या आरत्यांचे कागद हे सगळं त्यानंतर. उरण तालुक्यातल्या या गावाचं नाव 2024 साली एका होऊ घातलेल्या शहराच्या नावात जाऊन बसलं. कर्नाळा, साई आणि चिरनेर मिळून ‘केएससी न्यू टाउन’. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली 124 गावं त्यात येतात आणि लोक त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. त्याच वर्षी 12 जानेवारीला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि शिवडीला समुद्रावर चढलेली गाडी चिर्ल्याला जमिनीवर उतरू लागली. अशा मुलखात सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसनोंद आणि हरकतीचा अर्ज यांच्या किती प्रती काढाव्या लागतात, हे जमीनवाल्यालाच विचारावं. डिजिटल सहीचा सातबारा आता 15 रुपये भरून घरबसल्या मिळतो, त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. फक्त तो छापायला काहीतरी हवं.

त्या कागदावर जमीन कुणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं. कायद्याच्या दृष्टीने सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, ती महसुलाची नोंद आहे, हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक असतं. म्हणजे नाव लागणं वेगळं आणि मालकी वेगळी. हाच फरक शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या यंत्राला लावून पाहिला, तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. प्रिंटरची पावती घरातल्या माणसाच्या नावाची, वॉरंटी कार्ड त्याच्या नावाचं, विजेचं बिल तोच भरतो. पण त्यात कुठली शाई घालायची, ती संपली असं कधी मानायचं आणि यंत्र कधी बंद पाडायचं, हे दुसराच कुणी ठरवत असेल, तर ते यंत्र नेमकं कुणाचं?

घरासाठी प्रिंटर निवडणं हा वरकरणी हिशेबाचा विषय आहे. तो हिशेब आधी उरकून घ्यावा, कारण तत्त्वचिंतनाची वाट त्यातूनच जाते.

छापणं, स्कॅन करणं आणि झेरॉक्स काढणं ही तिन्ही कामं करणारे घरगुती प्रिंटर बाजारात ढोबळमानाने तीन जातींचे मिळतात. पहिला कार्ट्रिजचा. यंत्र स्वस्त, शाईची डबी छोटी आणि महाग. दुसरा टाकीचा, ज्याला दुकानदार ‘इंक टँक’ म्हणतो. यंत्र महाग, शाई बाटलीतून ओतायची आणि ती स्वस्त. तिसरा लेझर. त्यात शाई नसते, टोनरची भुकटी असते. ती वाळत नाही, म्हणून महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या आणि फक्त काळं छापणाऱ्या घराला तो सोयीचा.

समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर 4,500 रुपयांचा आहे, त्याची काळी कार्ट्रिज 800 रुपयांची आहे आणि ती 120 पानं देते. एका पानाला पावणेसात रुपयांच्या आसपास शाई गेली. समजा, टाकीचा प्रिंटर 13,000 रुपयांचा आहे, बाटली 400 रुपयांची आणि ती 4,500 पानं देते. पानाला नऊ-दहा पैसे. दोन्ही खर्च साधारण 1,300 पानांवर समान होतात. महिन्याला 60 पानं छापणारं घर दोन वर्षांच्या आत तिथे पोचतं, 10 पानं छापणाऱ्या घराला त्यासाठी दहा-अकरा वर्षं लागतील. आता तिसरा आकडा. झेरॉक्सवाला एका प्रिंटचे 5 रुपये घेत असेल, तर त्या 13,000 रुपयांत 2,600 पानं त्याच्याकडूनच निघतात. महिन्याला 60 पानांच्या घरालासुद्धा ती साडेतीन वर्षं पुरतात.

डब्यावर छापलेला पानांचा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. रंगीत इंकजेटसाठी हा आकडा आयएसओ 24711 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काढतात. ठरावीक नमुना पानं सलग छापत जायची आणि शाई संपेपर्यंत मोजायची. घरात कुणी सलग छापत नाही. दोन पानं आज, चार पंधरवड्याने. मधल्या काळात छपाईच्या हेडची बारीक भोकं वाळून बुजू नयेत म्हणून यंत्र स्वतःच ती धुतं, आणि धुतं ते शाईनेच. ती शाई कागदावर न येता आतल्या एका बोळ्यात मुरते. पुष्कळ प्रिंटरांत त्या बोळ्याचाही एक मोजणारा असतो. त्याच्या हिशेबाने बोळा भरला की यंत्र थांबतं आणि ते पुन्हा सुरू करायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. काही नव्या यंत्रांत हा बोळा डबीत बसवलेला असतो आणि घरच्या घरी बदलता येतो. विकत घेण्यापूर्वी विचारायची ही एक गोष्ट.

स्वस्त यंत्र आणि महाग शाई ही विकण्याची रीत जुनीच आहे. यंत्रावर नफा सोडायचा आणि पुढची सगळी वर्षं शाईवर तो वसूल करायचा. पण त्यासाठी एक अट लागते. गिऱ्हाइकाने शाई त्याच दुकानातून घेतली पाहिजे. ही अट पाळली जावी म्हणून कार्ट्रिजमध्ये चिप आली. चिप यंत्राला ओळख सांगते आणि ओळख पटली नाही, तर यंत्र छापत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी जगभर एकाएकी दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत त्या चालत होत्या. यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये ही नाकारण्याची तजवीज आधीच करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि ती अडवणूक काढून टाकण्याची सोय दिली, पण धोरण सोडलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने याच कंपनीला 1 कोटी युरोंचा दंड ठोठावला. बाहेरच्या कार्ट्रिजवरचे निर्बंध गिऱ्हाइकाला नीट सांगितले नाहीत, हा त्यातला मोठा ठपका होता.

टाकीचा प्रिंटर घराघरांत आला, त्याच्या मुळाशी मात्र लोकांचीच करामत आहे. आशियातल्या अनेक देशांत कार्ट्रिजच्या यंत्राला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देणारे कारागीर जागोजागी झाले होते. भारतातही सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. कंपन्यांचा शाईचा धंदा या नळ्यांतून गळत होता. अखेर एप्सनने 2010 साली इंडोनेशियात स्वतःच टाकी बसवलेला प्रिंटर विकायला काढला. पुढे कॅनन आणि एचपी याच वाटेने आल्या. नफा शाईवरून पुन्हा यंत्रावर सरकला. कारागिरांनी गल्लीत बसून केलेली मोडतोड कंपनीला आपल्या कारखान्यात मान्य करावी लागली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा मालकीचा प्रश्न अगदी शाईच्याच निमित्ताने आला. लेक्समार्क कंपनी काही टोनर कार्ट्रिज सवलतीत विकायची, अट अशी की ती एकदाच वापरून परत करायची, पुन्हा भरायची नाही. इंप्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी रिकाम्या कार्ट्रिज भरून विकत होती. लेक्समार्कने पेटंटच्या आधाराने तिला कोर्टात खेचलं. 30 मे 2017 रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश असा की वस्तू विकली, त्या क्षणी त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपला. विकणारा खरेदीदाराशी करार करू शकतो, पण पेटंटचा दोर वस्तूला बांधून ती जाईल तिथे ओढत राहू शकत नाही. मात्र निकाल पेटंटपुरता होता. चिपला न्यायालयाची गरज लागत नाही, ती आपला निकाल दर पानाला स्वतःच देते.

या वादाला आणखी मागचा एक धागा आहे. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. तो वारंवार कागद अडकवायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर बदलून, कागद अडकला की संगणकावर निरोप येईल अशी सोय केली होती. नव्यातही तेच करावं म्हणून त्याने मूळ प्रोग्रॅम मागितला, तर ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. सप्टेंबर 1983 मध्ये स्टॉलमनने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आपल्या हातातलं यंत्र काय करतं हे पाहण्याचा आणि ते बदलण्याचा अधिकार माणसाला आहे की नाही, हा नैतिक प्रश्न तिच्या मुळाशी होता. त्याला तोंड फुटलं ते एका हट्टी प्रिंटरमुळे.

आपल्याकडच्या शास्त्रकारांना चिप माहीत नव्हती, पण हा प्रश्न चांगलाच माहीत होता. एखादी वस्तू ‘माझी’ आहे, म्हणजे त्या वस्तूत किंवा माझ्यात नेमकं काय आहे? डोळ्यांना तर काही दिसत नाही. रानात दोन गाई उभ्या आहेत, एक माझी आणि एक शेजाऱ्याची. दोघींच्या अंगावर मालकी कुठेच नाही. धर्मशास्त्रात आणि पुढे नव्यन्यायात ‘स्वत्व’ या नावाने यावर शतकानुशतकं खल झाला. गौतम धर्मसूत्राने स्वत्व निर्माण होण्याचे मार्ग सांगितले. वारसा, खरेदी, वाटणी, कुणाचं नसलेलं ताब्यात घेणं आणि सापडणं. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. पश्चिम भारतातल्या हिंदू कायद्याचा ती शतकानुशतकं पाया होती. तिच्यात तो विचारतो, स्वत्व हे शास्त्राने सांगितलं म्हणून कळतं, की लोकव्यवहारातूनच कळतं? त्याचं उत्तर ठाम आहे. स्वत्व लौकिक आहे. शास्त्राचा गंध नसलेली माणसंही विकतात, घेतात आणि आपलं-परकं ओळखतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा वाद तपशिलाने मांडला आहे.

या चर्चेत मालकीची जी खूण पुढे आली, ती आजच्या ग्राहक न्यायालयातही चालावी. वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करण्याची योग्यता. वापरणं, मोडणं, दुरुस्त करणं, गहाण ठेवणं, विकणं, दान करणं. ही योग्यता जेवढी, तेवढी मालकी. या कसोटीवर चिपवाला स्वस्त प्रिंटर कुठे उभा राहतो? तो विकता येतो, फोडता येतो, पण हव्या त्या शाईने चालवता येत नाही. अमेरिकेत 2013 पासून शाईची मासिक वर्गणीही सुरू आहे. वर्गणी थांबवली की त्या योजनेतली कार्ट्रिज अर्धी भरलेली असली तरी छापत नाही. शाई डोळ्यांसमोर आहे, घरात आहे, आणि तरी आपली नाही. विज्ञानेश्वराला हे उदाहरण मिळालं असतं, तर पूर्वपक्षात त्याने ते नक्की घातलं असतं.

म्हणजे कार्ट्रिजचे ते पावणेसात रुपये ही सगळी शाईची किंमत नसते. यंत्र घेताना जी मालकी पूर्ण मिळाली नाही, तिचं भाडं त्यात मिसळलेलं असतं. कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला दोन वाटांचा भेद सांगितला. एक आत्ता सुखवते, दुसरी अखेरीस हिताची ठरते, आणि दोन्ही माणसासमोर एकाच वेळी येतात. पनवेलच्या दुकानात 4,500 आणि 13,000 च्या पाट्या शेजारी-शेजारी लागलेल्या असतात, तेव्हा विवेकाचं काम तिथेही हेच आहे. फक्त इथे हिताची वाट म्हणजे महागच यंत्र, असं नव्हे. महिन्याला दहा पानं छापणाऱ्याने 13,000 रुपये घातले, तर त्याची टाकी वाळत बसेल. त्याचं हित झेरॉक्सवाल्याच्या दुकानात आहे.

चिरनेरमध्ये मालकीच्या या प्रश्नाला वेगळंच वजन आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी आणि इतर हजारो लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. त्याच वर्षी 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलातलं गवत कापून कायदा मोडला होता आणि ते लोण महाराष्ट्रभर पसरलं होतं. 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीवाचून लाकूड तोडणं, गवत कापणं, गुरं चारणं हा गुन्हा ठरला होता. डोंगर दारात होता, पिढ्यान्‌पिढ्या तोच चुलीला आणि गोठ्याला पुरवत होता, पण त्यातलं काय घ्यायचं हे दुसरीकडे कुठेतरी ठरत होतं. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या कातकरीसह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या गोळीबारात मारले गेले. दरवर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकाजवळ हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

त्या रक्ताशेजारी शाईची बाटली ठेवायचा उद्देश इथे मुळीच नाही. कार्ट्रिज नाकारली म्हणून कुणाची चूल बंद पडत नाही, आणि प्रिंटर न घेण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. नाग्याला डोंगर सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. पण अक्कादेवीच्या डोंगरावर ‘हे कुणाचं’ असं जे विचारलं गेलं, ते वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी त्याच्या कितीतरी आधी विचारलं होतं, आणि ते जाणून घेतल्यावर प्रिंटरचा प्रश्नही जरा निराळा दिसू लागतो.

विश्वजित नावाचा एक यज्ञ आहे. तो करणाऱ्याने आपलं सर्वस्व दान करायचं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यावर चर्चा आहे. सर्वस्व म्हणजे काय काय? आई-वडील ‘माझे’ म्हणतात, मग तेही देता येतील? नाही, कारण त्या ‘माझे’मध्ये मालकी नाही. राजाने यज्ञ केला तर तो सगळी भूमी देऊ शकेल का? मीमांसकांचं उत्तर आजही दचकवतं. नाही देऊ शकणार, कारण भूमी सगळ्यांना सारखीच आहे. राजाला तिचं रक्षण करून कर घेण्याचा अधिकार आहे, ती त्याची वस्तू नाही. दान करण्यासाठी स्वत्व हवं, आणि जिथे स्वत्व नाही तिथे दानाचा संकल्प पोकळ ठरतो.

इथे एक शंका कुणीही साधक काढील. उपनिषदं सांगतात की हे सगळं ईश्वराचं आहे, हाव धरू नका. पतंजलीने अपरिग्रह यमांत घातला, जैन परंपरेने तो महाव्रतांत घेतला. मग यंत्र कंपनीचं की आपलं, या भांडणात धार्मिक माणसाने पडावंच कशाला? नाही तरी काहीच आपलं नाही!

हा युक्तिवाद गोड आहे, पण त्यात गोम आहे. सोडता येतं ते हातात असलेलं. जे आधीच काढून घेतलं गेलं, त्याला त्याग म्हणता येत नाही, ती नुसती उणीव. अपरिग्रही माणूस कमी वस्तू ठेवतो, पण ठेवलेल्या वस्तूंना तो पूर्ण जबाबदार असतो. त्या स्वच्छ ठेवणं, दुरुस्त करणं, दुसऱ्याला देणं हे सगळं त्याच्या हातात असावं लागतं. गिऱ्हाईक निरिच्छ झाल्याने शाई ईश्वराची होत नाही, ती कंपनीचीच राहते.

शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनोबा याच मुद्द्याभोवती आयुष्यभर चालले. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं. पुढे ग्रामदानात त्यांनी आणखी पाऊल टाकलं. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कसणाऱ्याकडे. गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना याच्या मागे होती. ग्रामदानात मालकी विसर्जित होते, पण ती वर कुणा दूरच्या धन्याकडे जात नाही, शेजाऱ्यांमध्ये पसरते. प्रिंटरची कंपनी ज्याला सेवा, वर्गणी किंवा योजना म्हणते, तिथेही व्यक्तीची मालकी विरघळते, पण ती जमा होते एकाच ठिकाणी. वरून दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात. दोन्हीकडे माणूस म्हणतो, हे माझं नाही. मग कुणाचं, या प्रश्नाची उत्तरं मात्र एकमेकांच्या उलट आहेत.

शाईवर स्वतःचा ताबा असणं म्हणजे काय, याचं एक जुनं मराठी उदाहरण मुंबईत आहे. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पाहून स्वतःचा शिळाप्रेस तयार केला आणि 1831 साली पंचांग छापलं. सनातन्यांना छापील धर्मग्रंथ विटाळाचा वाटे, कारण छपाईच्या शाईत प्राण्याची चरबी असायची. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असं सांगतात. यंत्र स्वतः बनवलेलं, शाई स्वतः घोटलेली, म्हणून गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला जपणारा बदल करणं त्यांच्या हातात होतं. आतल्या शाईचा घटक बदलणं राहू द्या, आजच्या घरगुती प्रिंटरच्या मालकाला त्यात काय आहे हेही पुरतं कळत नाही.

तेव्हा चिरनेरच्या घराने काय घ्यावं? पहिला प्रश्न पानांचा. गेल्या वर्षभरात झेरॉक्सवाल्याला किती पैसे दिले, तो आकडा काढावा. वर्षाला शे-दीडशे पानं असतील, तर प्रिंटर घेऊ नये. शेतीची कागदपत्रं, दोन शाळकरी मुलं आणि घरातून चालणारा एखादा छोटा धंदा असेल, तर टाकीचा घ्यावा आणि आठवड्यातून निदान एक रंगीत पान छापावं, म्हणजे हेड वाळत नाही. फक्त काळी कागदपत्रं, तीही अधूनमधून, तर साधा लेझर बरा. त्याचा टोनर बाहेर भरून मिळतो का, ते मात्र विचारावं.

दुसरा प्रश्न विज्ञानेश्वराचा. दुकानदाराला थेट विचारावं. दुसऱ्या कंपनीची शाई घातली तर यंत्र छापेल का? इंटरनेट नसताना, खातं न उघडता चालेल का? अपडेट बंद ठेवता येईल का? हेड आणि बोळा पनवेल-उरणमध्ये बदलून मिळतो का? काळी शाई संपली म्हणून स्कॅन करणंही थांबेल का? काही यंत्रांत ते थांबतं, आणि सातबारा स्कॅन करायला शाई लागत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यामागचा विचार हाच आहे. ज्याने वस्तू विकली, त्याने ती दुरुस्त होऊ द्यावी.

तिसरा प्रश्न विनोबांचा, आणि तो हिशेबालाही पटणारा. सहा घरांनी मिळून, बचत गटाने किंवा गावच्या वाचनालयाने एक टाकीचा प्रिंटर घेतला, तर 1,300 पानांची ती रेषा काही महिन्यांत ओलांडली जाते, शाई वाळायला वेळच मिळत नाही आणि पानाचा खर्च खऱ्या अर्थाने पैशांत येतो. अडचण एकच, बिघाड झाला की दुरुस्तीला कुणी न्यायचा. त्यासाठी वहीत नाव आणि पाळी लिहून ठेवावी लागते.

जुन्या यंत्राचं काय करायचं, तेही याच विचारात येतं. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. प्रिंटर आणि कार्ट्रिज त्यात येतात आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवेत. प्रत्यक्षात हेड बुजलेला किंवा शाई परवडेनाशी झालेला प्रिंटर पुष्कळदा शाळेला नाहीतर संस्थेला ‘भेट’ म्हणून जातो. कठोपनिषदाची सुरुवात अशाच दानापासून होते. वाजश्रवस सर्वस्व देत होता, आणि त्यात दूध आटलेल्या, पाणी पिण्याचंही बळ उरलं नसलेल्या गाई होत्या. ते पाहून त्याच्या पोराच्या, म्हणजे नचिकेत्याच्या, मनात पाल चुकचुकली. शाळेला प्रिंटर देणाऱ्याने म्हणून आधी त्यावरचं आपलं खातं काढावं, नमुन्याचं एक पान छापून सोबत द्यावं आणि त्याला कुठली शाई चालते, ती कितीला मिळते, हे कागदावर लिहावं. मुख्याध्यापकांनीही यंत्र उतरवून घेण्यापूर्वी तो कागद मागून घ्यायला हरकत नाही.